मृगाची वाट पाहताना : पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

दरवर्षी मे महिन्यात पुण्या-मुंबईची, संभाजीनगरची मुलं-मुली नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर पाठपिशव्या घेऊन उतरतात. कुणी आरोग्याच्या कामाला आलेलं असतं, कुणी शाळेच्या, कुणी शेतीच्या. पाऊस लागायच्या आधी गावात राहून घ्या म्हणजे ओळखी होतात, असं त्यांना संस्थेनं सांगितलेलं असतं. सल्ला चांगलाच आहे. पण एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही. मे-जून हा पाड्यावरचा सगळ्यात ओढगस्तीचा काळ. विहीर तळाला गेलेली, धान्याची कणगी तळाला गेलेली, आणि घरातल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यावर पावसाआधी उरकायची कामं. त्यात तुम्ही म्हणजे एक वाढीव तोंड. हे लक्षात ठेवून आलात तर निम्मी कामगिरी झाली.

खाली लिहिलंय ते पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्याच्या हरसूल पट्ट्याला धरून. इगतपुरीकडं थोडाफार फरक पडेल. येवला-नांदगावला जाणाऱ्यांनी हे वाचून काही उपयोग नाही, तिकडचा दुष्काळ वेगळा आणि पाऊसही वेगळा.

आधी नाशिकात

पाड्याकडं निघण्याआधी एक दिवस नाशिकात काढा आणि खरेदी उरका. रविवार कारंजा आणि मेनरोडच्या आसपास बहुतेक सगळं मिळतं. जाड प्लास्टिकचा कागद घ्या, अंगावर घ्यायला नव्हे, अंथरुणाखाली आणि सामानावर टाकायला. मच्छरदाणी घ्या. ती डासांपेक्षा सापांसाठी जास्त लागते, त्याचं पुढं येईलच. चांगली बॅटरी हवी, मोबाइलच्या उजेडावर भागत नाही. पायात पट्ट्याच्या प्लास्टिक सँडल घ्या. गमबूट शहरात रुबाबदार वाटतात, पण बांधावर चिखलात रुतले की पाय वर येतो आणि बूट खाली राहतो. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. भर पावसात गावकऱ्यांच्या अंगावर घोंगडी, इरलं नाहीतर प्लास्टिकची खोळ दिसेल, कारण शेतात दोन्ही हात मोकळे लागतात.

औषधं स्वतःची स्वतः आणा : ओआरएसची पाकिटं, पाण्यात टाकायचं क्लोरीन, पायाच्या बेचक्यांसाठी बुरशीचं मलम.

नाशिकहून पेठ साधारण ५५ किलोमीटर, सावळ घाट उतरून. पेठहून पुढं पाड्यापर्यंत एसटी असली तर एसटी, नाहीतर जीप. जीप भरल्याशिवाय निघत नाही आणि भरली असं तुम्हाला वाटतं त्यानंतरही आणखी माणसं बसतात. शेवटची गाडी किती वाजता सुटते हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. वेळापत्रकावर भरवसा नको, चहाच्या टपरीवाल्याला विचारा.

ज्या घरी उतरणार त्यांच्यासाठी मिठाईचा डबा नेऊ नका. तेल, डाळ, गूळ, चहापत्ती, साखर, मीठ, काडेपेट्या असा किराणा न्या आणि पोचल्या पोचल्या घरातल्या बाईच्या हातात द्या. दर जेवणाचे पैसे पुढं केलेत तर ते घेणार नाहीत, वर वाईट वाटेल ते वेगळंच. किराण्याला मात्र कुणी नको म्हणत नाही. बाजाराच्या दिवशी परत तेवढाच भरा.

पाण्याचा हिशेब

नाशिक शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाट उतरून खाली आलात की त्याच्या जवळपास तिप्पट. तरी मार्चपासून इथं टँकरची वाट पाहावी लागते, याचं नव्या माणसाला नवल वाटतं. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर, आणि जमीन सगळी उताराची. पडलेलं पाणी मुरायच्या आत ओहोळात जातं, तिथून दमणगंगा, नार, पार या नद्यांत, आणि तिथून पश्चिमेला समुद्राला. झरे हिवाळाभर टिकतात. होळीनंतर विहिरीत झिरपणाऱ्या पाण्याची धार बोटाएवढी होते.

मे महिन्यात विहिरीवर पहाटे चार वाजताही बायका दिसतील. रात्रभर झिरपून जेवढं जमतं तेवढं पहिल्या येणारीला. तळाशी खड्डा असतो, त्यात एकजण उतरते, वाटीनं किंवा तांब्यानं बादलीत भरते, वरची दोर ओढते. नंबर माणसाचा नसतो, हंड्याचा असतो. रिकामा हंडा ओळीत ठेवून बाई चूल पेटवायला घरी जाऊन येते आणि तिचा नंबर कुणी मारत नाही. तुमची कळशी त्या ओळीत शेवटाला ठेवा. कुणी आपणहून पुढं जा म्हटलं तरी जाऊ नका. आज पाहुणे म्हणून पुढं काढतील, उद्या त्यावरूनच कुरबुर सुरू होईल.

आणि फोटो काढू नका. विहिरीत उतरलेल्या बाईचा फोटो दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं फिरत असतो. तिला न विचारता काढलेला असतो आणि त्यानं तिच्या हंड्यात एक थेंबही वाढत नाही.

तुमचा रोजचा कोटा दोन कळश्यांच्या आत बसवा. पिण्याला आणि तोंड धुण्याला एक, बाकी सगळ्याला एक. अंघोळ दिवसाआड, तीही ओल्या फडक्यानं अंग पुसून. कपडे ओहोळात कुठं डबकं उरलं असेल तिथं, घरातल्या बायकांबरोबर जाऊन धुवा. एका पाड्यावर नव्या आलेल्या मुलीला म्हातारीनं विचारलं होतं, ‘रोज नाहतेस काय गं बाय?’ मुलीनं अभिमानानं हो म्हटलं. म्हातारी म्हणाली, ‘मग आमची नात काय पिईल?’ बोलताना ती हसत होती, पण प्रश्न खरा होता.

पिण्याचं पाणी गाळून, उकळून प्या. उकळायला सरपण लागतं, तेही फुकट नाही, म्हणून क्लोरीनचे थेंब बरे. बाटलीवर लिहिलंय तेवढेच टाका आणि अर्धा तास थांबा. सार्वजनिक विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायचं काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं असतं. त्यांना पहिल्या आठवड्यात भेटून ठेवा. उन्हाळ्यापेक्षा पहिल्या पावसात हे काम जास्त निकडीचं होतं, कारण उन्हाळाभर साठलेली सगळी घाण त्या पाण्याबरोबर विहिरीत उतरते. जुलाब आणि काविळीचे रुग्ण पाड्यावर दिसू लागतात ते त्यानंतर.

हाक कशी मारायची

या भागात कोकणा, महादेव कोळी, वारली, कातकरी अशा समाजांची वस्ती आहे. घरात बोलतात ती तुमची पुस्तकी मराठी नव्हे. सुरगाण्याच्या बाजूला बोलीत गुजरातीचा वास लागतो. पहिले काही दिवस निम्मं डोक्यावरून जाईल. ऐकत राहा, नक्कल करू नका.

‘राम राम’ चालतं, ‘जोहार’ म्हटलंत तर जास्त बरं. वयानं मोठ्यांना बाबा, मावशी, बरोबरीच्यांना दादा, ताई. तुम्हाला मात्र सगळे ‘सर’ नाहीतर ‘मॅडम’ म्हणणार. वहीपेन घेऊन आलेला माणूस म्हणजे सर्वे करणारा सरकारी माणूस, अशी इथली समजूत आहे आणि ती उगाच झालेली नाही. वही पहिल्या आठवड्यात पिशवीतच असू द्या. तोवर हातानं काहीतरी करा.

हातानं काय करायचं

करण्यासारखं भरपूर असतं. दिवस पहाटे सुरू होतो, अकरापर्यंत कामं, मग उन्हाचं घरात, चारनंतर परत बाहेर. दुपारी सर्वेला जाऊन झोपलेल्या माणसांना उठवू नका.

पेठ-सुरगाण्यातली बरीच कुटुंबं हिवाळ्यापासून निफाड-दिंडोरीकडं द्राक्षबागेत मजुरीला गेलेली असतात. एप्रिलची खरड छाटणी आणि मागची कामं आटोपून मे महिन्यात ती परततात. म्हणजे तुम्ही येता त्याच सुमाराला पाडाही भरत असतो. घराला कुलूप आहे म्हणून यादीतून नाव उडवू नका, पंधरा दिवसांनी परत जा.

तुम्ही पोचाल तेव्हा राब भाजायचं काम संपत आलेलं असेल. भात आणि नागलीची (नाचणीची) रोपं जिथं तयार करायची त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडाच्या फांद्या, गवत असे थर पसरून वर बारीक माती टाकतात आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवतात, म्हणजे आग धावत नाही, धुमसत राहते. जमीन भाजली की तणाचं बी मरतं आणि राखेचं खत होतं. याला नावं ठेवणारे शहरात पुष्कळ आहेत. फांद्या तोडाव्या लागतात हा आक्षेप खराही आहे. पण पहिल्याच आठवड्यात त्यावर व्याख्यान देऊ नका. आग वनखात्याच्या हद्दीत जाऊ नये म्हणून कडेनं पाला झाडून पट्टा मोकळा करावा लागतो. ते काम मागून घ्या, कुणीही शिकू शकतं.

दुसरं काम घराचं. कौलं चाळायची असतात : फुटकी काढायची, सरकलेली बसवायची. वर चढू नका. गावठी कौलावर पाय कुठं ठेवायचा हे चढणाऱ्याला लहानपणापासून ठाऊक असतं, तुमच्या पायाखाली दहा फुटतील. खाली उभं राहून कौलं हातात देत राहा. कुडाच्या भिंतींना शेणमातीचा लेप, पडवीत सरपण आणि गोवऱ्यांची थप्पी, जनावरांचा चारा वर रचणं, हे सगळं पहिल्या सरीच्या आत व्हावं लागतं. एकदा भिजलेलं सरपण सप्टेंबरपर्यंत सुकत नाही.

तिसरं काम बियाण्याचं. इथं शिकल्यासवरल्या माणसाचा खरा उपयोग होतो. घरचं भात वापरणार असतील तर मिठाच्या पाण्याची परीक्षा करून दाखवा. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात भात ओतायचं, ढवळायचं आणि पाणी स्थिर होऊ द्यायचं. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेलं भात दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. पाणी टंचाईचं असतं म्हणून हे सगळ्यांनी मिळून एकाच पिंपात करा, प्रत्येक घरात वेगळं नको. दुसरी परीक्षा उगवणीची : ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची, ओल टिकवायची. आठवड्यात किती मोड आले ते मोजायचं. ८० आले तर निर्धास्त, ६० आले तर बी जास्त टाकावं लागेल, त्याहून कमी आले तर शेजाऱ्याकडं मागायला अजून वेळ आहे. तरंगलेले दाणे सुपात घेऊन आजी आणि सून त्यावरून वाद घालू लागल्या की समजा, तुमची ओळख झाली.

शाळा जूनच्या मध्यावर उघडते. तोवर अंगणवाडी सेविका आणि आशाताई, या दोघींना धरून राहा. कुठल्या घरात बाळंतपण जवळ आलंय, पावसात कुठला पाडा तुटतो, कुणाला नेहमीची गोळी लागते, हे त्यांना तोंडपाठ असतं. दिवस भरत आलेल्या बाईला ओहोळ भरायच्या आत अलीकडं आणायचं नियोजन मे महिन्यातच करावं लागतं. तुमच्या प्रकल्पाच्या कागदात हे नसेल, तरी हे काम आधी करा.

वळीव आणि वीज

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारनंतर ढग भरून येतात. वारा सुटतो, कौलं उडतात, झाडावरचे आंबे खाली येतात आणि लाइट जाते. ती कधी येईल हे कुणी सांगू नये. मोबाइल सकाळीच पूर्ण चार्ज करून ठेवा. रेंज बहुतेक पाड्यांवर टेकडीवर एका ठराविक दगडापाशी मिळते. ढग आले असताना त्या दगडापाशी जाऊ नका, उघड्या माथ्यावर वीज पडण्याचा धोका सगळ्यात जास्त.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ हे अॅप विजेचा इशारा देतं, पण त्याला रेंज हवी. नसेल तर मोजा : चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद म्हणजे वीज एक किलोमीटरवर. तीसच्या आत ऐकू आलं की घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली थांबायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि पाऊस आला की सगळे झाडाखालीच पळतात. रानात गुरांमागं असणाऱ्या पोरांना हे परत परत सांगा.

साप

घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण हे टाळताही येत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं असे चारही विषारी साप या बाजूला आहेत. पहिल्या पावसात बिळात पाणी शिरलं की ते कोरड्याला येतात, आणि कोरडं म्हणजे घर. मण्यार रात्री फिरते. तिचा चावा दुखतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणत उठतो, पापण्या जड होतात, आणि साप चावला हे कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मच्छरदाणी, आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेल्या. जमलं तर खाटेवर झोपा. सरपणात हात घालण्याआधी काठीनं वाजवा, रात्री बाहेर जाताना बॅटरी पायाशी धरा.

चावलाच तर : माणसाला चालवायचं नाही, चावलेला हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, आवळून दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. १०८ ला फोन करा. गाडी यायला उशीर लागणार असेल तर मिळेल त्या जीपनं निघा. सापाची लस चारही सापांवर एकच असते, त्यामुळं साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. जवळच्या कुठल्या दवाखान्यात ही लस आहे आणि रात्री डॉक्टर असतात का, हे स्वतः जाऊन विचारून ठेवा.

घरचे लोक भगताकडं, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडं न्यायचं म्हणतील. तिथं वाद घालत बसलात तर तासभर जाईल. भगतालाच जीपमध्ये घ्या, त्याला जे करायचं ते वाटेत करू दे. मला तरी यापेक्षा चांगला तोडगा दिसलेला नाही.

पण पाऊस येणार कधी?

हा प्रश्न तुम्हाला रोज विचारला जाईल, कारण तुमच्या मोबाइलमध्ये हवामान दिसतं. नेमकी तारीख सांगायच्या भानगडीत पडू नका. मान्सून केरळात यायची सरासरी तारीख १ जून, आपल्याकडं त्यानंतर दहा-बारा दिवसांनी. पण सरासरी ती सरासरी. २०२३ साली मुंबईत मान्सून २५ जूनला पोचला, २०२५ साली २६ मे रोजीच येऊन दाखल. एका वर्षी रोपं वाळायची भीती, दुसऱ्या वर्षी ज्याचा राब भाजायचा राहिला त्याची पंचाईत.

गावाचं कॅलेंडर नक्षत्रांचं. २५ मेला रोहिणी लागते, ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा. काजवे किती निघाले, मुंग्या अंडी कुठं हलवतात, पावशा ओरडला का, कावळ्यानं घरटं झाडाच्या कुठल्या फांदीवर बांधलं, यावर ओट्यावर तासभर चर्चा चालते. तिला हसू नका आणि विज्ञानाचा मुलामाही देऊ नका. ऐकण्यासारखी मात्र असते, कारण त्याच चर्चेत कोण कुठलं बी कधी टाकणार हे ठरत असतं. एक गोष्ट आपल्या बाजूनं जरूर सांगा : एका वळवाच्या सरीवर पेरायची घाई नको. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवून पट्टीनं रोजचं पाणी मोजलं की एवढा हिशेब पोरंसुद्धा करतात.

लागल्यानंतर

पहिल्या पावसात पोरांबरोबर भिजा, कुणी अडवणार नाही. रात्री माणसं बॅटऱ्या घेऊन ओहोळाला खेकडे धरायला निघतील. जा, पण पुढं चालू नका. चार-आठ दिवसांत रानात शेवळं निघतात. स्वतः उपटून शिजवू नका. चिंच किंवा काकडाची आंबट फळं घालून नीट शिजवली नाही तर घसा असा खाजतो की पुन्हा रानभाजीचं नाव काढणार नाही. घरातल्या बाईनं केली की मग नागलीच्या भाकरीबरोबर खा.

घरून फोन येईल, टीव्हीवर नाशिकच्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेलं दाखवताहेत, तू बरी आहेस ना? त्यांना सांगा की पेठचं पाणी गोदावरीला येतच नाही, ते पश्चिमेला जातं. तरी तुमचा ओहोळ पाहून ठेवा. पाणी गढूळ झालं, काटक्या वाहून येऊ लागल्या की वर जोराचा पाऊस झालाय, तेव्हा ओलांडायचा नाही. फरशीवरून पाणी वाहत असेल तर मोटारसायकलवाला ‘बसा, काही होत नाही’ म्हणेल. उतरा आणि अलीकडेच मुक्काम करा.

रोज रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, मलम लावा. चिखल्या झाल्या की आठवडाभर चालणं बंद, आणि नेमकी तेव्हाच आवणी, म्हणजे रोपांची लावणी सुरू होते. रोपं तीन-साडेतीन आठवड्यांची झाली की सगळा पाडा खाचरात उतरतो. त्या दिवसांत बैठका ठेवू नका, सर्वेला जाऊ नका, कुणीही भेटणार नाही. बोलावलं तर आवणीला जा. तुमची ओळ वाकडी येईल, मागून कुणीतरी ती नीट करेल. दुपारी बांधावर भाकरी मिळेल. ज्या घरच्या यादीत माहिती अर्धवट राहिली असेल, ती तिथं विचारा.